वन्संना सांगितलं नाही ते

माझ्या वन्सं जर्मन आहेत. नवऱ्याची थोरली बहीण ती वन्संच, मग तिचे डोळे निळे का असेनात. तोंडावर मी त्यांना नावानं हाक मारते, एकेरीत बोलते, इथे सगळे तसंच करतात. पण मनात त्या तीस वर्षं वन्सं आहेत आणि तीस वर्षं मी त्यांच्यावर डूख धरून आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मी फार साधी बाई आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

लग्न होऊन मी जर्मनीत एर्लांगेनला आले, त्या वर्षीच्या ख्रिसमसची गोष्ट. सासऱ्यांच्या घरी दुपारचं जेवण. भाजलेलं बदक, लाल कोबी आणि क्लोस, म्हणजे बटाट्याचे मुठीएवढे उकडलेले गोळे. मोठं जेवण आहे म्हणून सकाळी कुणी न्याहारीसुद्धा केली नव्हती. वन्संनी माझ्या ताटात एक क्लोस ठेवला, बदकाचा एक तुकडा ठेवला. मी खाल्लं. मग त्या भांडं घेऊन माझ्याकडे वळल्या. "आणखी?" मी म्हटलं, "नको नको, पुरे."

आता मला सांगा, चिपळूणची नवी सून सासरच्या पहिल्या जेवणाला पहिल्याच विचारण्यावर हो म्हणेल? हावरट म्हणतील की! नको म्हणायचं, ताटावर हात आडवा धरायचा, मग समोरच्या बाईनं "अगं घे गं, एवढंसं तर आहे" म्हणत बोटांच्या फटीतून वाढायचं, आणि आपण "अहो, काय हे" म्हणत खायचं. वन्सं म्हणाल्या, "गूट," म्हणजे बरं, आणि भांडं पुढे गेलं. सगळ्यांकडे फिरलं आणि स्वयंपाकघरात गेलं. मी त्या दाराकडे बघत बसले. पोटात कावळे ओरडत होते, आणि टेबलावर तो त्यांचा भाऊ, माझा नवरा, तिसरा क्लोस कापत होता. दुपारी पाहुण्यांच्या खोलीत दार लावून मी मसाल्याची बिस्किटं खाल्ली, कोरडी, पाण्याशिवाय.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हवं होतं तर हो म्हणायचं ना." वन्संना मी कधीच सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे मी उपाशी होते हे कबूल करायचं, आणि तेही त्यांच्यासमोर! पण त्यांनी मात्र ती गोष्ट दरवर्षी सांगितली. दर ख्रिसमसला, क्लोसचं भांडं टेबलावर आलं की सुरू. "ही पहिल्यांदा आली ना, एका क्लोसवर उठली! आपलं जेवण हिच्या घशाखाली उतरेना." सगळे हसायचे. माझी लेक चार वर्षांची झाली तेव्हा तीही हसायला लागली. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून खाली उतरलेली नाही.

तर या आमच्या वन्सं. भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त आहेत, आमच्या घरापासून बसचे दोन थांबे पलीकडे एकट्या राहतात. जगभर फिरून आल्यात आणि प्रत्येक देशाबद्दल त्यांचं एक मत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी लेक कंपनीच्या कामासाठी चीनमध्ये चेंगदूला होती. तिथे तिचं एका मुलाशी जमलं. मुलगा मोठा गुणी, इंजिनियर, आणि त्यानं म्युनिकला नोकरीसुद्धा मिळवली. दोघांनी लग्न करून म्युनिकला राहायचं ठरवलं. म्युनिक म्हणजे आमच्याकडून दोन तासांच्या आत ट्रेननं. मला आनंदानं वेड लागायची पाळी आली. एकच अडचण होती, त्याची आई. एकुलता एक मुलगा. लग्नाला तिची ना नव्हती, पण मुलाला परदेशात कायमचं पाठवायचं हे तिच्या मनाला पटेना. आधी आम्ही तिकडे जाऊन यायचं, मग ती आणि तिचा नवरा इकडे येऊन बघणार, आणि मग ती ठरवणार. मुलानं मागच्या मागे सांगितलं होतं, आई म्हणते तसंच होईल. म्हणजे माझी लेक दोन तासांवर राहणार की अकरा तासांच्या विमानावर, हे एका बाईच्या हातात होतं.

नवऱ्याला रजा मिळेना. वन्सं म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर." मी नको म्हटलं. एकदाच. त्यांना ते माझं नको कळलं नाही, बघा, तेव्हा बरं कळलं नाही!

चेंगदूला उतरलो आणि दुसऱ्या सकाळी सहालाच मी एकटी खाली गेले. लेकीची इमारत एका गल्लीत होती. खाली पोचते तो काय, गल्ली केव्हाची जागी! एका टपरीवर वेताच्या टोपल्यांची चळत, वाफ निघतेय, बाई झाकण उचलते, चिमट्यानं चार पांढरे पाव पिशवीत टाकते, झाकण बंद. आत डुकराचं मांस, नाहीतर नुसती पालेभाजी. शेजारी एक म्हातारा हातभर लांब पिठाची दोरी ओढून तेलात सोडत होता, ती फुगून सोनेरी व्हायची आणि लोक ती गरम सोयाच्या दुधात बुडवून खायचे. आपल्याकडे चहात खारी बुडवतात ना, तसंच. नोकरदार मंडळी चालता चालता खात होती. विजेच्या स्कूटरी फुटपाथवरून आवाज न करता मागून यायच्या आणि अगदी टाचेशी आल्यावर पीप करायच्या. गुडघ्यांवर गोधडी बांधलेली, पुढे पोर उभं, मागे भाजी. एर्लांगेनला सायकलच्या पट्ट्यात चुकून एक पाऊल पडलं तर लोक अर्धा मिनिट सुनावतात. इथे कुणी कुणाला काही बोलत नव्हतं आणि कुणी कुणाला धडकतही नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच उभ्या उभ्या तीन पाव खाल्ले.

कोपऱ्यावर एक भाजीवाली फुटपाथवर पोतं पसरून बसली होती. जुड्या बांधलेल्या, वर पाणी मारलेलं. गळ्यात पाटीवर पैसे भरायचा चौकोनी कोड अडकवलेला, लोक फोन दाखवून पुढे जात. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हातांनी विचारलं, किती मुलं? मी एक बोट दाखवलं. तिनं तीन दाखवली आणि हसली. मग वय विचारलं. एर्लांगेनमध्ये माझ्या शेजारणीला माझं वय अजून माहीत नाही, आणि आमचा जिना तीस वर्षं एकच आहे!

वन्सं नऊला उठून खाली आल्या त्या पर्समध्ये काटा घालून. स्वतःचा, घरून आणलेला, नॅपकिनमध्ये गुंडाळलेला. शिवाय जंतुनाशक रुमालांची दोन पाकिटं. टपरीवरच्या बाकावर बसायच्या आधी त्यांनी बाक पुसला, टेबल पुसलं, मग काटा पुसला. टपरीवालीनं ते सगळं शांतपणे बघितलं, आणि मग आपला फडका घेऊन तिनंही तेच टेबल पुन्हा पुसलं, वन्संच्या डोळ्यांत बघत. हाय रे, काय बाई होती! मी तिला मनातल्या मनात ओवाळलं.

लेक कामावर जायची तेव्हा आम्ही दोघीच फिरायचो. बागेत बांबूच्या खुर्च्या, झाकणाचे कप, चहा संपला की पोऱ्या नाही, एक आजोबा लांब नळीची किटली घेऊन यायचे आणि पुन्हा गरम पाणी ओतायचे. एकच चहा दिवसभर. बायका सोंगट्या खाडखाड आपटत जुगार खेळत होत्या आणि एकमेकींवर अशा ओरडत होत्या की वन्संना वाटलं मारामारी होणार. मग सगळ्या एकदम हसल्या. कान कोरणारा माणूस लोखंडी चिमटा टण्ण वाजवत खुर्च्यांमधून फिरायचा. त्यानं वन्संच्या कानाकडे नुसतं बघितलं तर त्यांनी दोन्ही कान हातांनी झाकले. दुपारी एक बाई तळहाताएवढ्या तांब्याच्या तव्यांवर अंड्याचे पातळ घावन घालायची, आत तीळ-साखर, नाहीतर मुळ्याचं लोणचं, आणि दुमडून हातात. मी लोणच्याचा घेतला. संध्याकाळ व्हायला आली की चौकात स्पीकर लागायचा आणि माझ्या वयाच्या, माझ्याहून मोठ्या पन्नास बायका रांगांत नाचायच्या, कुणाची परवानगी न घेता, एकीच्या खांद्याला भाजीची पिशवी तशीच. मीही मागच्या रांगेत शिरले. वन्सं कडेला उभ्या राहून व्हिडिओ काढत होत्या आणि म्हणत होत्या, "तू कशाला? तुला येत नाही ना." येत नव्हतंच. पुढचीनं मागे वळून मला पायांची खूण दाखवली आणि मला येऊ लागलं.

खरी मजा तर जेवणात. चेंगदूच्या जेवणात तांबडी मिरची असतेच, पण तिच्याबरोबर एक बारीक फळ असतं, त्यानं जीभ बधिर होते. मी पहिला घास घेतला आणि ओरडलेच, "अगं बाई, तिरफळ!" आमच्या कोकणातलं तिरफळ, बांगड्याच्या आमटीत घालतात ते. थोडं वेगळं, भावंड म्हणा, पण घरचंच. वर्षानुवर्षं मी ते चिपळूणहून पुडीत बांधून आणते आणि इथे कस्टमवाल्याला हे काय ते समजावत बसते. तिथे ते पोत्यांनी विकायला! मला माहीत होतं की ते चावायचं नाही, बाजूला काढायचं. वन्संना माहीत नव्हतं. त्यांनी काट्यात तीन-चार टिपून सरळ चावली. मी बघत होते. "माझी जीभ!" त्या म्हणाल्या, "मला काहीतरी झालंय." मी म्हटलं, "हो का? मला तर काही नाही झालं." दहा मिनिटं त्यांना डॉक्टर हवा होता. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा गार गार वाटलं.

पण ते सगळं किरकोळ. मोठं जेवण विहीणबाईंकडे होतं, रविवारी दुपारी. आदल्या दिवशी लेक मला भाजीबाजारात घेऊन गेली. ती माझ्याशी जर्मन बोलते, मी तिच्याशी मराठी. त्या बाजारात लोक वळून वळून बघत होते. हिरव्या मिरच्यांच्या ढिगाशी थांबून ती म्हणाली, "आई, उद्या एक लक्षात ठेव. वाटीत थोडं शिल्लक ठेवायचं. वाटी रिकामी झाली की त्यांना वाटतं तुझं पोट भरलं नाही, मग त्या वाढतच राहतात. आणि पाहुणा नको म्हणाला तरी त्याला वाढायचं, दोनदा, तीनदा. नाहीतर म्हणतील जेवायला घालायची इच्छाच नाही."

मी कंबरेवर हात ठेवून हसले. "तुझ्या आईला तू आग्रह शिकवतेस?"

"टांटेला पण सांग हं," ती म्हणाली. टांटे म्हणजे तिची आत्या, आमच्या वन्सं.

"सांगते," मी म्हटलं.

नाही सांगितलं. मुद्दाम नाही सांगितलं.

वन्संच्या लहानपणी, युद्धानंतरच्या घरात, ताट चाटूनपुसून साफ करणं म्हणजे धर्म होता. ताटात टाकलं तर आई टेबलावरून उठू द्यायची नाही, हे त्यांनीच मला शंभरदा ऐकवलंय. रविवारी विहीणबाईंनी वाढलं: मासा, डुकराच्या मांसाचे थरथरते तुकडे, टोफू, दुधी, शेंगा, भात. ठेंगणीशी बाई, केस आखूड, हात सतत चालू. वन्संनी वाटी साफ केली. विहीणबाईंनी भरली. वन्संनी पुन्हा साफ केली, थोड्या दमानं. विहीणबाईंचा चेहरा उजळला, त्यांनी पुन्हा भरली. वन्सं म्हणाल्या, "नाइन, डांके," म्हणजे नको, धन्यवाद. विहीणबाईंनी मासा टाकला. "नाइन!" टोफू. "वीर्कलिश नाइन!" म्हणजे खरंच नको. शेंगा. मी माझ्या वाटीत चार शितं आणि एक मिरची शिल्लक ठेवून हात जोडून बसले होते. पाचव्या वाटीला वन्संच्या कपाळावर घाम आला. लेकीनं माझ्याकडे रागानं बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी तीच उठली आणि विहीणबाईंच्या कानात काहीतरी बोलली. टॅक्सीत वन्संनी पट्टा सैल केला आणि म्हणाल्या, "त्या बाईला नाही म्हणजे नाही कळत नाही." तीस वर्षांत इतकी गाढ झोप मला लागली नव्हती.

इथवर थांबले असते तर बरं होतं.

वसंत ऋतूत विहीणबाई आणि व्याही जर्मनीला आले. लेक आणि तो मुलगा आधीच म्युनिकला येऊन हॉटेलात राहत होते आणि जागा शोधत होते. शुक्रवारी पाहुणे एर्लांगेनला आले, शनिवारी दुपारी वन्संकडे जेवण, रविवारी दुपारी आमच्याकडे. वन्संचा हट्ट, "घरातली थोरली मी, पहिलं जेवण माझ्याकडे." आणि नेमकी शनिवारीच मुलांना एका घराची चावी मिळणार होती. म्युनिकमध्ये घर मिळणं म्हणजे काय हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत. ती वेळ चुकवली तर मागे चाळीसजण उभे असतात. लेकीनं मला फोन केला. "आई, आम्ही रविवारी सकाळी येतो. उद्या तू सांभाळ. सगळं या दोन दिवसांवर आहे. त्याची आई त्याला म्हणाली, मी बघून येते तिथे माझ्या मुलाला कोण जेवायला घालतं."

"काळजी करू नकोस," मी म्हटलं.

अर्ध्या तासानं वन्संचा फोन. त्या जरा घाबरलेल्या वाटल्या, आणि वन्संना घाबरलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "ऐक, मी ठरवलंय, त्यांना अजिबात छळायचं नाही. मला तिकडे जो त्रास झाला तो त्यांना नको. मी एकदा विचारीन, नको म्हणाले तर सोडून देईन. ज्याला जे हवं ते त्यानं आपल्या हातानं घ्यावं. हेच बरोबर ना? तुला ती माणसं जास्त कळतात."

फोन हातात धरून मी उभी होते. माझ्या डोळ्यांपुढे ते क्लोसचं भांडं. खोटं नाही सांगत, लेक आठवलीच नाही असं नाही. आठवली. पण मी हिशेब असा मांडला की उद्या वन्संकडे पाहुणे उपाशी उठतील, परवा माझ्याकडे येतील आणि मी त्यांना असं जेवायला घालीन की विहीणबाई म्हणतील, घर असावं तर असं. वन्संचं नाक कापलं जाईल, माझी लेक म्युनिकला राहील. एका दगडात दोन्ही.

मी म्हटलं, "गेनाऊ. अगदी बरोबर."

शनिवारी श्पार्गल होता, म्हणजे पांढरं अ‍ॅस्परॅगस. मे महिन्यात इथे दुसरं काही नसतंच. ते पांढरे, बोटभर जाडीचे कोंब, उकडलेले, वर लोणी घातलेलं पिवळं सॉस, बाजूला उकडलेले बटाटे आणि हॅमच्या पातळ चकत्या. वन्संनी माणशी सहा कोंब मोजून आणले होते. शेतातल्या टपरीवर पहाटे रांग लावून, माझ्या वन्संनी! टेबलावर फुलं, इस्त्रीचे नॅपकिन. पाण्याच्या बाटल्या फ्रीजमधल्या, बुडबुड्यांच्या. विहीणबाई गरम पाण्याशिवाय काही पीत नाहीत हे मला माहीत होतं, चेंगदूत त्यांच्याकडे दिवसभर थर्मास असायचा. मी बोलले नाही.

बोलणं फोनमधून चाललं होतं. आपण जर्मन बोलायचं, फोन चिनी बोलायचा. वन्संनी प्रत्येकाला दोन कोंब, एक बटाटा वाढला, बाकीचं भांडं मध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या हं आपल्या हातानं." फोननं ते सांगितलं. विहीणबाई हसल्या. दोन्ही कोंब संपले. थोडासा बटाटा त्यांनी ताटात ठेवला. वन्संनी भांडं उचललं, "आणखी?" विहीणबाईंनी ताटावर हात आडवा धरला आणि काहीतरी बोलल्या. फोन जर्मनमध्ये म्हणाला, "नको, पुरे झालं." यंत्राला काय कळणार! वन्संनी भांडं खाली ठेवलं, माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाल्या, बघ, मी सोडलं. व्याह्यांनाही तसंच. माझ्या नवऱ्यानं स्वतःचे सहा संपवले आणि उरलेल्यांतले दोन घेतले.

त्या ताटावर आडव्या धरलेल्या हाताकडे मी बघत होते. माझ्यासमोरच होता तो. मी नुसतं उठून भांडं घेतलं असतं आणि वाढलं असतं तरी झालं असतं. दोन हातांचंही अंतर नव्हतं. मी पाणी प्यायले.

पाहुण्यांना आम्ही गाडीनं हॉटेलवर सोडलं. नवरा म्हणाला, "छान झालं. त्यांना फार भूक नव्हती वाटतं." मी म्हटलं, "हो ना."

रविवारी पहाटेपासून मी उभी. मटण, कोथिंबीर वडी, आमटी, आणि मुद्दाम बांगडा, तिरफळ घालून. भात दोन भांडी. गरम पाणी दोन थर्मास. बारा वाजता दारात लेक उभी राहिली, एकटी.

"ते येत नाहीत," ती म्हणाली. "सकाळच्या गाडीनं तो त्यांना म्युनिकला घेऊन गेला."

"म्हणजे? जेवण—"

"काल त्यांनी हॉटेलात विमानातली बिस्किटं खाल्ली. त्याची आई रडत होती. ती म्हणाली, लग्न करा, मला काही म्हणायचं नाही. पण तुम्ही चेंगदूला राहायचं. इथे माझ्या मुलाला दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही. तो तिला नाही म्हणू शकत नाही, आई. तो नोकरी सोडतोय."

मी गॅस बंद केला. मग पुन्हा लावला. काय करत होते मलाच कळेना. म्हटलं, "मी जाते म्युनिकला. हे सगळं डब्यात भरून नेते. मी त्यांना वाढते, समोर बसून—"

"मी सकाळी सांगून बघितलं. तिला निमित्तच हवं होतं, ते मिळालं." मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मी टांटेकडून आले. ती म्हणाली तिनं तुला फोन करून विचारलं होतं."

आमटी उतू गेली. मी फडकं घेतलं.

"आणि तू काय सांगितलंस ते पण म्हणाली." लेकीनं माझ्या हातातून फडकं काढून घेतलं. "मी तिला सांगितलं की आईला यातलं काही माहीत नाही. मी तुला कधी सांगितलंच नाही. आता तू पण तेच सांगायचं."

"का?"

"कारण ती माझी एकच आत्या आहे," ती म्हणाली, "आणि मी गेल्यावर तुला इथे तीच आहे."

मी काही म्हणणार तोच बेल वाजली. वन्सं सायकलवरून आल्या होत्या, सत्तरीच्या बाई, हेल्मेट डोक्यावर तसंच, डोळे सुजलेले. दारातच त्यांनी मला मिठी मारली. तीस वर्षांत आम्ही हात मिळवतो, ख्रिसमसला गालाला गाल लावतो, मिठी नव्हती. त्या हुंदके देत म्हणाल्या, "माझ्या घरात माणसं उपाशी उठली. माझ्या घरात! आणि पोरगी जातेय." मग मागे सरून माझे खांदे धरून म्हणाल्या, "तू स्वतःला दोष देऊ नकोस. तुला तरी कसं माहीत असणार? इतकी वर्षं झाली तुला इथे. तू आता आमच्यातलीच आहेस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओठांवर आलं होतं की वन्सं, मला माहीत होतं, पहिल्यापासून माहीत होतं, ते मी केलं, तुमच्यावर सूड म्हणून केलं, एका क्लोससाठी! वन्संच्या खांद्यावरून लेक माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली.

उट्टं निघालं, पुरेपूर निघालं. ते मी काढलं हे एका माणसाखेरीज कुणाला माहीत नाही, आणि ते माणूस सप्टेंबरमध्ये चेंगदूला गेलं.